मार्तंडशेटच्या दोन डब्या

“…आणि ते चोर असतील, तर तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का, एवढंच सांगा,” श्रीरंग म्हणाला.

गहिनीबुवा तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण चोर?”

“माझे वडील.”

बुवांनी एक शेंग फोडली. चार दाणे ताटात टाकले, किडका पाचवा बाजूला ठेवला.

“मार्तंड?”

“हो.”

“बस की. उन्हात कशाला उभा राहतोस?”

श्रीरंग बसला नाही. कातरखडकाच्या दोनशे पायऱ्या तो एका दमात चढून आला होता आणि आता त्याला धाप लागली होती. पण धापेपेक्षा राग मोठा होता, आणि रागाच्या खाली जे होतं ते त्याला स्वतःलाही बघायचं नव्हतं.

कातरखडकावर एक मठ आहे. मठ कसला, तीन खोल्या, एक ओसरी, एक समाधी आणि चारी बाजूंनी गुंजेच्या वेलाने गिळलेलं कुंपण. खाली बोरसरची बाजारपेठ दिसते. त्या पेठेत मार्तंडशेट मैड यांचं दुकान बेचाळीस वर्षं चाललं. नथीचे मोती, अंगठीतली पोवळी, गोमेद, पुष्कराज, जे ज्याच्या कुंडलीला लागेल ते. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं.

मार्तंडशेटची एक खोड साऱ्या पेठेला माहीत होती. ते सगळ्यांना अरे-तुरे करत. भाजीवालीला, मास्तरला, मामलेदाराला, सगळ्यांना. “काय रे, कशाला आलास?” मामलेदार पहिल्यांदा चमकले, मग हसले, मग मुद्दाम तेवढं ऐकायला म्हणून येऊ लागले.

श्रीरंगला मात्र त्या बोलण्याची लाज वाटायची. तो जयपूरला सहा वर्षं रत्नपरीक्षा शिकला. परत आला तो काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र घेऊन, आणि एक काटा घेऊन. विजेवर चालणारा, काचेच्या झाकणाचा, पापणीचा केससुद्धा तोलून दाखवणारा. तो गिऱ्हाइकाला “आपण” म्हणायचा आणि रतीला कॅरट म्हणायचा. काटा आला त्या दिवशी मार्तंडशेटनी तोलायचं काम मुकाट्याने लेकाकडे दिलं आणि ते गादीच्या कडेला सरकून बसले. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. त्या दिवशी कोणी न सांगता सारी पेठ बंद राहिली होती.

आता समोरच्या बाजूला नवं दुकान तयार होतं. काचेचं दार, आत पांढरे दिवे. परवा मुहूर्त. पाटी तेवढी राहिली होती. रंगारी याकूबभाईंनी खालच्या दोन ओळी रंगवून ठेवल्या होत्या आणि वरची ओळ मोकळी सोडली होती. त्या ओळीत मार्तंडशेटचं नाव यायचं होतं.

कालपर्यंत यायचं होतं, असं म्हणू.

“काय झालं ते सांग,” बुवा म्हणाले.

श्रीरंगने खांद्यावरची बॅग उतरवली. आतून रुमालाची एक पुरचुंडी काढली आणि सोडली. दोन पितळी डब्या निघाल्या. हळदी-कुंकवाच्या करंड्यात असतात तेवढ्याच.

“जुनी गादी उचलली. खाली या सापडल्या.”

बुवांनी एक डबी उघडली. आत गुंजा होत्या. लालभडक, टोकाला काळा ठिपका. दुसरी उघडली. तिच्यातही गुंजा.

“छान आहेत,” बुवा म्हणाले.

“छान?” श्रीरंग एकदम ओरडला. “बुवा, या डब्यांनी माझं तोंड काळं केलंय!”

बुवांनी पुढची शेंग उचलली.

श्रीरंगने डोळे मिटले, श्वास घेतला आणि जयपूरला शिकवतात तशा आवाजात, एकेक शब्द मोजत सांगायला लागला.

“एक गुंज म्हणजे एक रती. पूर्वी सगळे खडे गुंजांनीच तोलायचे. एका पारड्यात खडा, दुसऱ्यात गुंजा. पाच गुंजांना समतोल आला की खडा पाच रतीचा. समुद्रापलीकडचे लोकसुद्धा असंच करायचे, फक्त त्यांची बी वेगळी. तिकडे एक शेंगेचं झाड असतं, त्याच्या बियांनी ते मोती तोलायचे. कॅरट हा शब्द त्या बियेवरूनच आला.”

“अरे वा. म्हणजे तिकडंही बियाच.”

“बियाच. कारण लोकांची समजूत अशी, की देवाने प्रत्येक बी एकाच वजनाची घडवलीय.”

“आणि नाही घडवली?”

“नाही ना! मी तोलून पाहिलंय. एकाच शेंगेतल्या दोन बिया सारख्या नसतात. म्हणून तर जगाने बी सोडून दिली आणि कॅरटचं वजन कायमचं ठरवून टाकलं. दोनशे मिलिग्रॅम. रतीचंही आमच्याकडे ठरलेलं आहे. एकशे साडेएकवीस.”

“बरं,” बुवा म्हणाले. “बी सारखी नसते. मग इतकी वर्षं माणसं सारखं तोलत कशी होती?”

श्रीरंग थांबला. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

“निवडून,” तो म्हणाला. “जाणता माणूस शंभरातून दहा निवडायचा. हाताला सारख्या लागतील त्या.”

“म्हणजे सारखेपणा बीमध्ये नव्हता.”

“नव्हता.”

“कुठं होता?”

“…निवडणाऱ्याच्या हातात.”

“हं,” म्हणून बुवा परत शेंगांकडे वळले.

कुठल्याशा वळणावर आपल्याला नेलं जातंय, असं श्रीरंगला वाटलं. त्याने चटकन डब्यांकडे बोट केलं.

“तेच तर सांगतोय! या दोन्ही डब्या मी काट्यावर घातल्या. एकेक गुंज. या डबीतल्या सगळ्या जड. एकशे तेहतीसच्या आसपास. आणि या दुसरीतल्या सगळ्या हलक्या. एकशे दहा. डबीतल्या डबीत अगदी सारख्या, पण दोन डब्यांत हा एवढा फरक. आता झाकणं बघा.”

झाकणांवर सुईने अक्षरं कोरलेली होती. मार्तंडशेटची तिरकी, मोडीला सरावलेली लिहिण्याची ढब लगेच ओळखू येत होती. जड गुंजांच्या डबीवर ‘घे’. हलक्या गुंजांच्या डबीवर ‘दे’.

“घेण्याची डबी आणि देण्याची डबी,” श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. “कोणी मोडायला खडा आणला, तर दुकान घेतं. तेव्हा जड गुंजा. गुंजा जड म्हणजे खडा कमी रतीचा भरतो. कोणी विकत न्यायला आलं, तर दुकान देतं. तेव्हा हलक्या गुंजा. तोच खडा जास्त रतीचा भरतो. गिऱ्हाईक जाताना बुडतं आणि येतानाही बुडतं. आमच्या धंद्यात दोन मापं ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणत नाहीत काही. त्याच्या दुकानासमोरून जाताना नुसते थुंकतात.”

कुंपणावर एक शेंग तडकली.

“कदाचित…” श्रीरंग म्हणाला, आणि त्याच्या त्या एका शब्दात सगळी आशा गोळा झाली होती, “कदाचित त्यांच्याही लक्षात आलं नसेल. हात म्हातारा झाला होता. गुंजा सरमिसळ झाल्या असतील. तुम्ही त्यांचे मित्र. दर वर्षी मार्गशीर्षात ते इथं गुंजा वेचायला यायचे. तुम्ही पाहिलंय त्यांना. सांगा ना, चुकून झालं असेल?”

“नाही,” बुवा म्हणाले.

“…नाही?”

“या कुंपणाशी तो दुपारभर बसायचा. हातात छोटा काटा असायचा. गुंज तोलायची आणि तीन ढीग करायचे. जडांचा, हलक्यांचा, मधल्यांचा. मधल्या फेकून द्यायचा.”

“मधल्या…?”

“मी एकदा म्हटलं, बाबा रे, धंद्याला लागतात त्या मधल्याच ना? तर हसला. तीस वर्षं नुसता हसलाच.”

श्रीरंग आता बसला. मधल्या, म्हणजे खऱ्या रतीच्या. त्याच तेवढ्या टाकून द्यायच्या, आणि दोन्हीकडच्या खोट्या जपून ठेवायच्या. हे चुकून होत नाही. हे तीस वर्षं, दर मार्गशीर्षात, काटा हातात धरून केलेलं काम होतं.

लहानपणी ताप आला की वडील रात्र रात्र उशाशी बसत, ते त्याला आठवलं. जयपूरच्या फलाटावर निरोप देताना ते म्हणाले होते, “जा, मोठा हो, आणि मला शिकव.” एवढा मोठा माणूस आणि पोटात हे. त्याला वडिलांचा राग यावा असं फार वाटत होतं, पण राग येईना. नुसतं रडू येत होतं.

“संपलं मग,” तो म्हणाला. “वरची ओळ कोरीच राहील. आईला काय सांगायचं ते बघतो. माझ्या मनात आता रतीभरही शंका नाही.”

“कुठल्या रतीने?” बुवांनी विचारलं. “जड की हलकी?”

“बुवा, थट्टा करायची वेळ आहे का ही?”

“मी कुठं थट्टा करतोय. जडवाली डबी आण इकडं.”

श्रीरंगने ती हातात घेतली आणि पुढे केली. बुवांनी ती घेतली नाही. त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली, हात धोतराला पुसले आणि ओंजळ केली.

“वाच.”

“काय वाचू? ‘घे’.”

बुवांनी डबी त्याच्या हातातून काढून घेतली आणि कनवटीला लावली.

श्रीरंग बघतच राहिला.

“अहो… ती माझी आहे.”

“तूच म्हणालास ना?”

“मी वाचलं फक्त!”

“दुसरी वाच.”

“बुवा, हा काय पोरखेळ…”

“वाच तर.”

“…‘दे’.”

बुवांनी ताटातल्या सोललेल्या तुरीच्या दाण्यांची मूठ भरली आणि श्रीरंगच्या हातावर ठेवली. हिरवे, गार दाणे. काही खाली सांडले.

बुवा त्याच्याकडे पाहत होते आणि श्रीरंग आपल्या हाताकडे.

“आता सांग,” बुवा म्हणाले. “झाकणावर जे लिहिलंय, ते कोण कोणाला म्हणतंय?”

श्रीरंगच्या कपाळावरची आठी हलली. आधी त्याला काहीच कळलं नाही. मग कळलं आणि पटलं नाही. त्याने ते शब्द मनात उलटे-पालटे करून पाहिले. ‘घे’ म्हणजे ‘घेणे’ असं त्याने गृहीत धरलं होतं. हिशेबी माणूस असंच लिहितो, आणि तो स्वतः असता तर त्यानेही असंच लिहिलं असतं. दुकानाने घेणे. दुकानाने देणे.

पण मार्तंडशेट कधी ‘घेणे’ म्हणाले होते?

ते गादीवर बसून समोरच्या बाईला म्हणायचे, “घे. घे गं, बिनघोर घे.” कोणी अडचणीत खडा मोडायला आणला की हात पुढे करून म्हणायचे, “दे इकडं. दे, बघू.” मामलेदारालाही घे, आणि वैदूच्या बाईलाही घे. साऱ्या गावाला एकेरीत बोलणारा माणूस झाकणावर तरी दुसरं काय लिहिणार?

म्हणजे ‘घे’ असं गिऱ्हाइकाला म्हटलेलं. तू घे. तू घेशील तेव्हा जड गुंजा.

‘दे’ हेही गिऱ्हाइकालाच. तू दे. तू देशील तेव्हा हलक्या.

श्रीरंगने तळहातावरचे दाणे बाजूला फरशीवर ठेवले.

“हा शब्दाचा खेळ आहे,” तो कसाबसा म्हणाला. “बुवा, तुम्ही माझं मन राखायला… शब्दाचं काय, शब्द दोन्हीकडे वळतो. पुरावा नाही याला.”

“नाही बुवा,” गहिनीबुवा म्हणाले. स्वतःलाच बुवा म्हणून ते जरा हसले. “माझ्याकडे कुठला पुरावा? थांब, एक आहे.”

ते आत गेले. बराच वेळ ट्रंक उघडल्या-झाकल्याचे आवाज आले. मग एका कापडाची गाठ घेऊन ते बाहेर आले. आत मधाच्या रंगाचा एक गोमेद होता आणि घडी पडून पिवळी झालेली चिठ्ठी.

“कोणी एका भक्ताला वाटलं, बुवांना राहू छळतोय. म्हणून त्याने मार्तंडकडून खडा घेतला आणि मला आणून दिला. अंगठीत बसवून घालायचा होता. मी कुठं अंगठी घालू? राहू अजून आहे, खडाही आहे. दोघं सुखात आहेत.”

श्रीरंगने चिठ्ठी उलगडली. वडिलांचं अक्षर. ‘गोमेद एक नग. रती सव्वासात.’ सव्वा कशाला, हे त्याला माहीत होतं. कुंडलीचे खडे पुरे मोजून देत नाहीत, वर पाव रती हवीच. शिवाय खाली तारीख, पंचवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा श्रीरंग शाळेत होता.

“तुझा काटा आहे ना बॅगेत?” बुवा म्हणाले. “तोल.”

काटा होता. श्रीरंग त्याच्याशिवाय कुठं जात नसे. त्याने तो ओसरीच्या सपाट फरशीवर ठेवला, बुडाचे स्क्रू फिरवून पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणला, वारा लागू नये म्हणून समोर बॅग उभी केली. सोबतचं पक्कं वजन ठेवून काटा बरोबर आहे याची दोनदा खात्री केली. एवढं सगळं करताना त्याचे हात सवयीने चालत होते आणि मन मात्र कुठंतरी आडोशाला जाऊन उभं होतं.

“मी श्वास धरू का?” बुवांनी विचारलं.

“धरा,” श्रीरंग म्हणाला. तो गंभीर होता.

बुवांनी खरंच श्वास धरला.

सव्वासात रती. खऱ्या रतीने चार कॅरट आणि वर चाळीस शतांश. मार्तंडशेट चोर असतील, त्यांनी हलक्या गुंजांनी खडा विकला असेल, तर आकडा चारच्या आत येईल. श्रीरंगने चिमट्याने गोमेद उचलला, पारड्यात ठेवला आणि काचेचं झाकण हलकेच लावलं.

आकडे पळाले. थांबले. पुन्हा एक शतांश हलले आणि स्थिर झाले.

४.८३.

त्याने झाकण उघडलं. खडा काढला, पुसला, परत ठेवला.

४.८३.

तिसऱ्यांदा ठेवला. काटा जयपूरचा, पक्का, पापणीचा केस तोलणारा. त्याने तिसऱ्यांदाही तेच सांगितलं.

“सोडू का?” बुवांनी गुदमरत विचारलं.

“सोडा…”

बुवांनी श्वास सोडला.

“किती भरला?”

“जवळजवळ आठ रती,” श्रीरंग म्हणाला. “चिठ्ठीवर सव्वासात. प्रत्यक्षात आठ.”

आणि मग तो रडला. एकोणचाळीस वर्षांचा, प्रमाणपत्र असलेला, गिऱ्हाइकाला “आपण” म्हणणारा रत्नपारखी ओसरीवर मांडी घालून, फरशीवरचे तुरीचे दाणे मुठीत धरून, लहान मूल रडतं तसा मोठ्याने रडला. बुवांनी त्याला गप्प केलं नाही. ते शेंगा सोलत राहिले.

त्याला काय काय आठवत होतं ते सांगायचं तर फार होईल. पण एक सांगतो. तो नववीत असताना एक बाई दुकानात आली होती, अंगावर विटकं लुगडं. तिने नथीतला एकच मोती सोडवून आणला होता, मोडायला. मार्तंडशेटनी डबी उघडली, तोलला, आणि रती सांगितली. बाई म्हणाली, “शेट, आमच्या सासूबाई तर कमी सांगत व्हत्या.” मार्तंडशेट म्हणाले, “तुझी सासू काय काटा घेऊन जन्मली होती? दे इकडं.” बाई हसली होती. श्रीरंगला त्या दिवशी वडिलांच्या बोलण्याची लाज वाटली होती. बाई आत आली तेव्हा तिचा चेहरा कसा होता आणि बाहेर गेली तेव्हा कसा होता, हे मात्र त्याने आज, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा पाहिलं.

“मला का नाही सांगितलं?” त्याने डोळे पुसत विचारलं. “मी काटा आणला तेव्हा तरी सांगायचं. नुसते सरकून बसले बाजूला.”

बुवा सांडलेले दाणे वेचायला लागले.

“मी म्हणालो होतो त्यांना, दादा, तुमच्या गुंजा आता टाकून द्या, त्यात अचूकपणा नाही. ते म्हणाले, हो रे, तुझं खरं आहे. एवढंच म्हणाले… आणि डब्या गादीखाली ठेवल्या.”

“हं.”

“त्यात अचूकपणा नव्हता असं कसं म्हणालो मी! डबीतली प्रत्येक गुंज दुसरीसारखी आहे, बुवा. माझ्या काट्याला फरक सापडत नाही. जो माणूस हाताच्या काट्यावर एवढं बारीक निवडू शकतो, त्याला बरोबर तोलणं जमत नव्हतं होय? सगळं जमत होतं. बरोबर काय ते माहीत होतं, आणि रोज थोडंसं जास्त करत होते. मोजून जास्त.”

कनवटीची डबी काढून बुवांनी त्याच्यासमोर ठेवली. श्रीरंगने ती उघडली, एक गुंज चिमटीत धरली आणि कपाळाला लावली. असं करायचं त्याने ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला.

तेवढ्यात बॅगेतला फोन वाजला. याकूबभाई होते. आवाज एवढा मोठा की बुवांनाही ऐकू येत होता.

“शेट, दुपार झाली. रंग वाळायला वेळ लागतो. वरच्या ओळीचं काय? काढायची का सोडायची?”

“काढा,” श्रीरंग म्हणाला. “मार्तंडशेट मैड.”

“अच्छा. आणि पुढं? ‘आणि पुत्र’ लिहू?”

श्रीरंगला हुंदका आला, पण आता त्यात हसूही मिसळलं होतं.

“लिहा. पण पुत्र बारीक अक्षरात काढा, याकूबभाई.”

“बारीक म्हंजे किती?”

“जमेल तेवढं बारीक.”

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खाली पेठेकडे पाहत बसला. दुपारच्या उन्हात पत्रे चमकत होते. त्या पत्र्यांखाली, कुणाच्या बोटात, कुणाच्या नाकात, कुणाच्या देवघरात, मार्तंडशेटनी तोललेले खडे होते. प्रत्येक खडा चिठ्ठीपेक्षा थोडा जड. कुणालाच माहीत नव्हतं. ती माणसं अंगठ्या घालून भाकऱ्या थापत होती, ट्रॅक्टर चालवत होती, आणि त्यांच्या बोटांत एका माणसाची माया होती, तिचं वजन त्यांना कधी लागलं नव्हतं.

आपलाही एक खडा असाच आहे, असं त्याला वाटलं. जयपूरची सहा वर्षं, ते प्रमाणपत्र, तो काटा, हे सगळं त्याला वडिलांनी दिलं होतं, आणि देताना चिठ्ठीवर कमीच लिहिलं होतं.

“बुवा,” तो म्हणाला, “चाळीस वर्षं त्यांना कोणी ‘भलं केलंस’ म्हटलं नाही. कोणाला कळलंच नाही तर म्हणणार कोण? ज्याला कळलं असतं तो मी, तर मी त्यांना म्हटलं की तुमच्यात अचूकपणा नाही.”

बुवांनी शेवटची शेंग सोलली.

“माझ्या छातीत आता एवढं भरून आलंय… आणि ते ठेवायचं कुठं? पाय धरावेत तर पाय नाहीत. सांगा ना, मी हे आभार कोणाला देऊ?”

गहिनीबुवा ताट घेऊन उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

“दुकान किती वाजता उघडतोस?”